भिंतीशी बोलणारी सून

आवई उठली ती नळावर. आक्कांची सून म्हणे भिंतीशी बोलते. रात्री भांडीकुंडी आवरली की मागच्या पडवीत जाते, हातात खडू घेते आणि भिंतीला विचारते, ‘‘सांगा पाहू, पावसाळ्यात ओले कपडे लवकर का वाळत नाहीत?’’ भिंत गप्प. मग सून म्हणते, ‘‘छान! अगदी बरोबर!’’

एवढ्यावर खालच्या आळीतल्या एका म्हातारीनं अंगारा धाडला. मग आक्का भडकल्या नसत्या तरच नवल. सकाळी तणतणत कुंपणाशी आल्या. आमच्या दोन घरांमध्ये कारवीच्या काठ्यांचं कुंपण आहे. ते जनावरं अडवतं, बातम्या अडवत नाही.

‘‘बाई, तुमी तरी सांगा या लोकान्ला. पोरगी बीएड करती माझी. बाहेरचं लागलंय व्हय तिला?’’

मी निवृत्त विज्ञानशिक्षिका. कोथरूडचा फ्लॅट मुलाकडे सोपवून इथे पौडजवळ येऊन राहिले, तेव्हापासून वस्तीत शाळा-कॉलेजचा कुठलाही तंटा निघाला की साक्षीला माझीच हाक. म्हटलं, आक्का, भिंतीशी मीही बोलले आहे. ऐंशीच्या दशकात, सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत. मालकीणबाई दार किलकिलं करून बघून जायच्या, आणि भाडं वेळेवर मिळतंय म्हणून गप्प बसायच्या.

‘‘मंग हे करत्यात तरी काय?’’

सांगितलं. सुरुवातीला खऱ्या पोरांसमोर सोडत नाहीत. आधी सूक्ष्म अध्यापन; कॉलेजात सगळे नुसतं ‘मायक्रो’ म्हणतात. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं. एकदा नुसते प्रश्न विचारायचे, एकदा नुसतं फळ्यावर लिहायचं, एकदा नुसतं उदाहरण देऊन समजवायचं. वर्गातलेच आठ-दहा जण आठवीची पोरं होऊन बसतात. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं बाकीच्यांनी उणीदुणी काढायची, बारा मिनिटांत पाठ उसवून पुन्हा शिवायचा, सहा मिनिटं पुन्हा शिकवायचं आणि पुन्हा सहा मिनिटं उणीदुणी. झाली ३६ मिनिटं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालेली ही तऱ्हा आपल्या बीएड कॉलेजांत चांगलीच मुरली आहे. आणि ते ‘छान, बरोबर’ म्हणजे प्रबलीकरण कौशल्य. पोरानं उत्तर दिलं की त्याला हुरूप द्यायचा.

आक्का ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘नवी सून पहिल्या सणाला पुरनपोळ्या लाटती, आन् चार जनी भवती बसून उणं काडत्यात, तसंच की.’’ आणि जाता जाता, ‘‘ते छान-बरोबर एकदा सासूला बी म्हनायचं. कौशल्य तेवढंच वाढंल.’’

अंगाऱ्याची पुडी त्यांनी तुळशीत टाकली. प्रकरण मिटलं, पण कुंपणावरचा विषय मिटला नाही. पुढची जवळजवळ दोन वर्षं आमच्याकडे बीएडच चाललं होतं.

सून बीएस्सी झालेली, केमिस्ट्री घेऊन. लग्नाच्या बैठकीतच तिच्या वडिलांनी सांगितलं होतं, मुलगी पुढे शिकेल. आक्कांच्या घरानं हो म्हटलं, कारण बैठकीत सगळेच हो म्हणतात. पुढे पोरीनं सीईटी दिली, पुण्यात नंबर लागला आणि सकाळच्या पीएमपीच्या बसला उभी राहायला लागली, तेव्हा कळलं की वडील ते खरंच म्हणाले होते. दिरानं विचारलं, दोन वर्षं? आमच्या वर्गातल्या अमक्याची बहीण वर्षात झाली की मास्तरीण. त्याचंही चूक नव्हतं. आमचं बीएड एका वर्षाचं होतं. २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं; चार सत्रं, आणि त्यात निदान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत. त्याला आंतरवासिता म्हणतात. पहिल्या वर्षी चार आठवडे, दुसऱ्या वर्षी सोळा. माझं मत विचाराल तर ते सोळा आठवडे हेच खरं बीएड. बाकी बरंचसं कागदकाम.

कागदकाम म्हणजे टाचण. आक्कांच्या घरात टाचणांनी पलंगाखालची जागा व्यापली; कांद्याची पोती बाहेर आली. पस्तीस मिनिटांच्या तासाला चार-चार पानं. उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, फलकलेखन, मूल्यमापन, गृहपाठ. यातली बरीचशी वळणं हर्बार्ट या जर्मन पंडिताच्या नावानं चालणाऱ्या पंचपदीची. हर्बार्ट १८४१ साली वारला, पंचपदी अजून नांदतेय. एका संध्याकाळी सूनबाईनं वही कुंपणावरून माझ्या हातात दिली, ‘‘बाई, जरा नजर टाका ना.’’ अक्षर मोत्यासारखं. पानावर रकाने आखलेले. एकात शिक्षककृती, शेजारच्यात विद्यार्थिकृती. या दुसऱ्या रकान्याची मला चाळीस वर्षांपासून गंमत वाटते. पोरं काय उत्तर देणार, ते त्यात आदल्या रात्रीच लिहून ठेवायचं असतं. ‘विद्यार्थी निरीक्षण करतात.’ ‘विद्यार्थी उत्तर देतात: बाष्पीभवन.’ पोरं बिचारी तेव्हा घरी झोपलेली असतात.

आता जे सांगते ते सूनबाईच्याच तोंडचं. त्या दिवशी बसमधून उतरली ती घरी न जाता थेट कुंपणाशी आली.

तालुक्यातली एक शाळा, आठवीचा वर्ग. मागच्या बाकावर निरीक्षक, मांडीवर मूल्यमापनाचा तक्ता. टेबलावर तिवई, तारेची जाळी, चंचुपात्रात पाणी, खाली स्पिरिटचा दिवा. पाण्यात तापमापी धरलेली, फुगा तळाला टेकू न देता. टाचणाच्या दुसऱ्या रकान्यात लिहिलेलं: ‘विद्यार्थी तापमापी वाचून सांगतात की, पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते.’ पहिल्या बाकावरचा पोरगा वाचनाला उभा केला. नव्वद. पंच्याण्णव. बुडबुडे मोठे झाले, पाणी खदखदू लागलं, वाफेनं पोराचा चश्मा धुरकटला. पोरगा म्हणाला, ‘‘अठ्ठ्याण्णव.’’

‘‘नीट बघ.’’

‘‘बाई, अठ्ठ्याण्णवच.’’

थांबून पाहिलं. पारा हलेना. शाळेची दुसरी तापमापी मागवली, ती घातली. अठ्ठ्याण्णव. मागच्या बाकावर पेन सरसावलं. एक पोरगी कळवळून म्हणाली, ‘‘बाई, जरा मोठा करा ना जाळ, होईल शंभर.’’ आणि एकानं शोध लावला की, शाळेच्या सगळ्याच तापमाप्या बाद आहेत.

‘‘मग तू काय केलंस?’’ मी विचारलं.

‘‘काय करणार? रकान्यात काहीच नव्हतं लिहिलेलं. मी विचारलं, दोन्ही तापमाप्या खोटं बोलत नसतील तर? आपल्या गावात असं काय वेगळं आहे?’’

वर्ग गप्प. मग खिडकीपाशी बसलेला, एरवी तोंड न उघडणारा एक जण म्हणाला, ‘‘ताम्हिणी उतरताना कानाला दडे बसतात.’’

अहाहा! काय उत्तर आहे! डोंगर उतरलं की हवेचा दाब वाढतो, कानाला कळतं. चढलं की कमी होतो. आपण समुद्रापासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशानं उतरतो. पुस्तकातलं शंभर हे समुद्रकाठचं आहे. पौडला पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळायचं. तापमाप्या शहाण्या होत्या. सूनबाईनं त्या पोराचे कान धरून, म्हणजे तसल्या अर्थानं नव्हे, सगळा दाब आणि उत्कलनबिंदू फळ्यावर आणला. तेवढ्यात घंटा झाली. उपयोजन राहिलं, मूल्यमापन राहिलं, गृहपाठ राहिला.

तक्त्यावर शेरा पडला: ‘वर्ग सहभागी झाला. नियोजित पायऱ्या पूर्ण झाल्या नाहीत. फलकलेखनात सुधारणा हवी.’ श्रेणी ‘ब’.

निरीक्षकांना दोष देत नाही. त्यांच्या तक्त्यावर कानाच्या दड्यांसाठी चौकट नसते. पण मी त्या जागी असते तर ‘अ’ देऊन वर चहा पाजला असता.

आक्का इतका वेळ ओसरीतून ऐकत होत्या. त्यांचं माहेर घाटाखाली, कोलाडकडचं. म्हणाल्या, ‘‘तरीच! आमच्या म्हायेरी तूरडाळ बिगीबिगी शिजती. मी म्हनायची पान्याचा गुन.’’ सूनबाई हसली. मी म्हटलं, दोन अंशांनी थोडा फरक पडतो खरा, पण सगळं श्रेय दाबाला देऊ नका. जड पाण्यात डाळ उशिराच शिजते, म्हणजे पाण्याचा गुणही खोटा नाही. आक्कांना दोन्ही बाजूंनी बरोबर ठरल्याचा आनंद झाला.

याच्या पुढच्या महिन्यात सासऱ्यांच्या रेडिओवर गदा आली. कॉलेजानं त्यांना पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत नेलं होतं. अरविंद गुप्तांनी काडेपेट्या, स्ट्रॉ, सायकलच्या ट्यूबचे तुकडे यांतून खेळणी करून विज्ञान शिकवलं, ती हीच जागा. तिथून पोरगी झपाटून आली. एक सेल, दोन सेफ्टी पिना, तांब्याची इनॅमलची तार आणि एक चुंबक, एवढ्यात मोटर फिरते. चुंबक कुठलं? सासऱ्यांच्या बंद पडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं. सासरे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तेच पायरीवर बसून तार खरवडत होते, कारण सगळी मेख त्या खरवडण्यात आहे. वेटोळ्याच्या एका टोकाचं इनॅमल पूर्ण काढायचं आणि दुसऱ्या टोकाचं फक्त अर्ध्या बाजूचं. दोन्हीकडचं पूर्ण काढलं की वेटोळं नुसतं डुगडुगतं आणि थांबतं. अर्धं ठेवलं की अर्ध्या फेरीत वीज, अर्ध्या फेरीत वीज नाही, आणि गरगरतं. सासऱ्यांना जमलं तेव्हा त्यांनी शेजारच्या तीन घरांना बोलावून दाखवलं. रेडिओचं नाव पुन्हा निघालं नाही.

आमचा मुळशी तालुका म्हटला की बाहेरच्यांना २०१८ चा त्याच्या नावावरचा सिनेमा आठवतो, विकलेल्या जमिनी आणि गाड्या. विज्ञानाच्या मास्तराला मात्र हा तालुका म्हणजे फुकटची प्रयोगशाळा. दुसऱ्या वर्षीच्या आंतरवासितेत सूनबाईला नववीचा ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा आला. टाचणात गच्चीवरून पडणाऱ्या चेंडूचं उदाहरण होतं. मी म्हटलं, अगं, दारात मुळशी धरण आणि तू चेंडू कसला टाकतेस? आपल्या धरणाचं विजेसाठीचं पाणी पुण्याकडे जात नाही. ते सह्याद्रीच्या कड्यावरून नळांनी पश्चिमेला उतरतं, साधारण ५०० मीटर खाली, रायगड जिल्ह्यात भिऱ्याला. तिथं टाटांचं वीजघर, १९२७ पासूनचं. तिथून सुटलेलं पाणी कुंडलिकेत जातं आणि कोलाडला पुण्या-मुंबईची मंडळी त्यावर राफ्टिंग करतात. एक लिटर पाणी घे, ५०० मीटर उतरव. एक गुणिले नऊ पूर्णांक आठ गुणिले पाचशे. ४,९०० ज्यूल. म्हणजे १० वॅटचा बल्ब आठ मिनिटं. वाटेत थोडं घर्षणात आणि यंत्रात जातं, ते सोड.

तिनं वर्गात पाण्याची लिटरची बाटली टेबलावर ठेवली आणि हे गणित पोरांकडून करून घेतलं. पोरं चाट पडली. मग एका मुलीनं विचारलं, ‘‘बाई, उतरताना पानी वीज देतं. पन हे एवढं पानी एवढं वर चढवलं कुनी? त्याला वीज कुनी दिली?’’

रकान्यात नव्हतं. ‘उद्या सांगते’ म्हणून सूनबाई घरी आली आणि कुंपणाशी उभी राहिली. मी काही सांगितलं नाही. म्हटलं, तुझ्या पडवीतल्या भिंतीला विचार; ओल्या कपड्यांचं पाणी कुठे जातं ते तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. पाच मिनिटांत आतून ओरडली, ‘‘सूर्य!’’ समुद्राचं पाणी उन्हानं वर जातं, मोसमी वारे ते ताम्हिणीवर आणून ओततात. भिऱ्याची वीज म्हणजे फिरून आलेलं ऊनच. दुसऱ्या दिवशी तिनं हे सांगितलं नाही. पोरांकडून काढून घेतलं. त्यात अर्धा तास गेला.

आक्का या सगळ्यात गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘आमच्या आजेसासूचं गाव हाय त्या पान्याखाली. वावर गेलं आमचं, दिवं लागलं मुंबैत.’’ धरणाविरुद्धचा १९२१ ते १९२४ चा मुळशी सत्याग्रह त्यांच्या घरात पुस्तकातून नव्हे, तोंडातोंडी आला आहे. त्या लढ्यातल्या सेनापती बापटांचं नाव आक्का अजून एकेरीत घेत नाहीत. पुण्यात ज्या बालभारतीकडून सूनबाईची विज्ञानाची पुस्तकं येतात, तिची इमारत सेनापती बापट रस्त्यावरच आहे, हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘मंग त्यात आमचं धरान बी असायला पायजे.’’ मला हे म्हणणं पटतं.

आता नोकरीचं. इथे आक्कांचा आवाज खाली येतो आणि त्या कुंपणावर रेलतात. आळीतला एक मुलगा एमएस्सी बीएड. पिरंगुटच्या कंपनीत सुपरवायझर आहे. दुसऱ्या एकाच्या वडिलांनी कुठल्याशा संस्थेत चिकटवण्यासाठी अर्धा एकर विकला. पोस्टही नाही, पैसेही नाहीत. आमच्या वेळी संस्थाचालकांच्या ओसरीवर जाऊन बसावं लागे. ते मोडायचं म्हणून २०१७ मध्ये पवित्र पोर्टल आलं. नाव चांगलं आहे. त्यासाठी वेगळी परीक्षा, शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट. आणि पहिली ते आठवीला शिकवायचं तर वेगळी टीईटी. आक्का दोन्हींना ‘ती ट्याट’ म्हणतात आणि गोंधळ काही फार वाढत नाही. टीईटीचं वारं हल्ली नोकरीतल्यांनाही लागलंय. सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला सांगितलं की, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त असलेल्यांनीही ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी. माझ्या माहितीतल्या पन्नाशीच्या बाई नातवाच्या बारशात मांडीवर गाइड घेऊन बसल्या होत्या.

टेट पहिल्यांदा झाली डिसेंबर २०१७ मध्ये, दुसरी २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये. पहिल्या दोहोंमध्ये पाच वर्षं! बीएड झालेल्या किती पोरींची तेवढ्यात दोन बाळंतपणं झाली. परीक्षेत १२० मिनिटांत २०० प्रश्न. सांकेतिक भाषा, क्रमश्रेणी, आकृत्या, मराठी, इंग्रजी, गणिती क्षमता. सूनबाईनं कुंपणावर सराव प्रश्नसंच पसरला. मी शेवटपर्यंत चाळला. विज्ञान कुठे आहे?

‘‘विज्ञान नसतं, बाई.’’

‘‘मंग विज्ञानाची मास्तरीन निवडत्यात कशावरनं?’’ आक्कांनी विचारलं. चांगला प्रश्न आहे. बुद्धी तपासायला माझी ना नाही. ओसरीवर बसण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. पण अठ्ठ्याण्णववर अडकलेल्या पाऱ्यासमोर उभं राहून ‘आपल्या गावात काय वेगळं आहे?’ असं विचारणारी बाई या दोनशे प्रश्नांत सापडणार कशी? निवड यादीतल्यांना निदान एकदा, पंधरा मिनिटं, पोरांपुढे उभं करून बघा. एवढं तर आम्ही स्वयंपाकीण ठेवतानाही करतो.

आणि निवड झाली तरी तीन वर्षं शिक्षणसेवक. माध्यमिकला महिना १८,००० रुपये, तेही २०२३ पासून. त्याआधी ८,००० होते. आक्कांच्या मुलाची रिक्षा याहून जास्त कमावते, हे त्यांनीच सांगितलं. ‘‘पन पोरीला शाळाच पायजे. मंग करू दे. रिक्षावाल्याला कोन बाई म्हनतंय?’’

सूनबाईची शेवटची परीक्षा आता तोंडावर आहे. तिची बॅच संपली की नवी बॅच शाळांवर येईल, तुमच्याही गावात येईल. ‘बीएडवाल्या बाई आल्या, आता पोर्शन रखडणार’ म्हणून मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन जाऊ नका. त्यांच्या तासाला पोरांना हौसेनं पाठवा. घरात बंद पडलेला रेडिओ, फुटका स्पीकर, भिंग, तांब्याची तार असेल तर ती त्यांना द्या. चार्टपेपरांवर त्यांचे पुष्कळ पैसे जातात. तापाचा थर्मामीटर मात्र देऊ नका. तो ४२ अंशांपर्यंतचाच असतो, उकळत्या पाण्यात घातला की फुटतो.